व्हिडिओ गेमचा डेमो प्लॉट

"शेठ, कोणतं चांगलं?"

हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला. आधी ट्रान्झिस्टरबद्दल, मग टेपरेकॉर्डरबद्दल, मग रंगीत टीव्हीबद्दल, मग मोबाइलबद्दल आणि आता हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमबद्दल. यंत्रं बदलली, विचारणारे बदलले, प्रश्नातला एक शब्द बदलला नाही. गंमत अशी की, या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी सगळ्यात नालायक माणूस आहे. दुरुस्तीवाल्याकडे चांगलं चालणारं यंत्र येतच नाही. ज्याचं सुरळीत चाललंय तो माझ्या दुकानावरून मान ताठ ठेवून निघून जातो. त्यामुळे जगातलं प्रत्येक यंत्र भिकार आहे असं माझं प्रामाणिक मत झालेलं आहे, आणि लोक ते तज्ज्ञाचं मत म्हणून ऐकून घेतात.

'शेठ' या शब्दाचाही खुलासा करायला हवा. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला माझं दुकान आहे. दुकान म्हणजे एक काउंटर, एक भिंगाचा दिवा, डागकामाचा धूर आणि मी. आमचं घराणं राजस्थानातून आलेलं. किती पिढ्यांपूर्वी, यावर घरात अजून एकमत नाही. भाऊ, चुलतभाऊ, पुतणे सगळे सरकी, कापूस, बियाणं, सळ्या यांच्या व्यापारात. मी एकटाच असा निघालो, की माल विकण्याऐवजी तो उघडून बघायची खोड लागली. वडिलांना शेवटपर्यंत वाटत होतं, पोरगं चार दिवस खेळेल आणि येऊन गादीवर बसेल. मी काही गेलो नाही. पण आडनाव चिकटलेलं, म्हणून नखांत काळं आणि हातात स्क्रूड्रायव्हर असला तरी गाव मला शेठच म्हणतं. एवढ्या स्वस्तात शेठ झालेला माणूस आमच्या समाजात दुसरा नसेल.

आता ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मध्ये पडदा, दोन्ही बाजूंना मुठी, मुठींवर बटणं आणि अंगठ्याने फिरवायच्या दोन बुटक्या दांड्या. मोबाइलवर खेळता येत असताना हे वेगळं कशाला, असं विचारणारे भेटतात. त्यांना मी विचारतो, भाजी सुरीनेही चिरता येते, मग घरोघरी विळी कशाला असते? यावर ते म्हणतात, आमच्या घरी विळी नाही. मग मी पुढचं गिऱ्हाईक बघतो.

या यंत्रात बिघडण्यासारख्या गोष्टी तीन. पहिली ती दांडी. तिच्या बुडाशी कार्बनची पट्टी असते, ती घासून घासून झिजते. मग तुम्ही हात लावला नाही तरी खेळातला माणूस आपणहून डावीकडे चालायला लागतो. एका गिऱ्हाइकाने याच कारणासाठी यंत्रावरून लिंबू उतरवून टाकलं होतं आणि तरी फरक पडेना म्हणून माझ्याकडे आणलं होतं. दुसरी गोष्ट बॅटरी, ती फुगते. तिसरी पंखा. यातली काही यंत्रं म्हणजे मुठी लावलेले कॉम्प्युटरच असतात; ती तापतात, म्हणून आत पंखा बसवलेला असतो.

बाकी जगात यादी इथे संपते. जालन्यात आमची हवा पुढे येते. कापसाच्या एका जिनिंगचे मॅनेजर असाच एक कॉम्प्युटरछाप गेम घेऊन आले. म्हणाले, तापतोय आणि बंद पडतोय. मी विचारलं, वापरता कुठे? "घरीच की. ऑफिसात कोन खेळतंय?" मी झाकण उघडलं तर पंख्यात इतका कापूस, की आणखी थोडा साठला असता तर उशी झाली असती. तो चिमटीने काढून मी त्यांच्यासमोर काउंटरवर ठेवला. मॅनेजरांनी तो बोटांत धरून जरा ओढून पाहिला आणि म्हणाले, "धागा चांगलाय." माणूस कुठेही असो, धंदा सुटत नाही.

एमआयडीसीतली गोष्ट उलटी. कार्बनची दांडी झिजते म्हणून हल्ली काही कंपन्या चुंबकाची दांडी बसवतात. तिच्यात घासायला काहीच नाही, त्यामुळे झिजही नाही. इंटरनेटवर तिचे गोडवे गातात. पण आमच्याकडे सळ्यांच्या कारखान्यांतून माणसं घरी येतात ती लोखंडाची बारीक भुकटी खिशात घेऊन, आणि त्याच खिशात हे यंत्र. मी उघडलेल्या अशा एका दांडीला चक्क दाढी आली होती. तेव्हापासून कोणी "कोणतं चांगलं" विचारलं, की मी आधी विचारतो, "राहायला कुठे आहात?" लोकांना वाटतं शेठ सोयरीक बघतोय.

सोयरिकीवरून दत्तारावांचीच गोष्ट सांगतो, कारण तीच सांगायला बसलो होतो.

दत्तारावांचं वडीगोद्रीला हायवेवर कृषी सेवा केंद्र आहे; खतं, औषधं, बियाणं. शिवाय बियाणं कंपन्यांचे डेमो प्लॉट तेच लावून देतात. म्हणजे एखाद्या शेतात दोन-तीन वाण शेजारी शेजारी पेरायचे, पाट्या रोवायच्या आणि पीक भरात आलं, की जीपमधून शेतकरी आणून दाखवायचे. त्या कार्यक्रमाचा त्यांचा लाउडस्पीकर दरवर्षी माझ्याकडे दुरुस्तीला यायचा. माणूस चोख, बोलायला तिखट. व्हिडिओ गेम त्यांच्या सात पिढ्यांत कोणी पाहिला नसेल, असा माझा तेव्हा समज. ते दिवाळीच्या तोंडावर, गहू-हरभऱ्याच्या बियाण्याची गडबड सोडून दुकानात आले, तेव्हा मला वाटलं लाउडस्पीकर गेला.

"शेठ, धाकट्या पोरीचा पयला दिवाळसण हाय," ते स्टुलावर बसत म्हणाले. "जावयबापूंनी व्हिडिओ गेम मागितला."

"मुलांसाठी?"

"मुलं कुठली? मे महिन्यात तं लग्न झालं. सोताला. इंजिनेर माणूस, सळ्याच्या कारखान्यात शिफ्टला हाय. मी म्हणलं अंगठी घ्या, न्हाई. मोटारसायकल घ्या, न्हाई. म्हणले, मामा, हातात धरायचा व्हिडिओ गेम द्या." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "थोरल्याला मोटारसायकल देल्ती. आता धाकट्याला खेळणं देलं तं लोकं काय म्हणतील? मंग म्हणलं, द्यायचंच हाय तं असं देऊ, की बघणाऱ्यानं इचारलं पाहिजे, काय हाय हे. सारिकाला तिथं मान खाली घालायला लागू न्हाई. येवढंच हाय माझं, बाकी खर्च्याचं बघू नका."

सारिका म्हणजे त्यांची धाकटी. मी तिला लग्नातच पाहिलं होतं. इथल्याच एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत ती उगवणक्षमता तपासते, म्हणजे ओल्या कागदावर बी ठेवून कोंब मोजते. बापाने बियाणं विकायचं आणि लेकीने ते उगवतं का हे बघायचं, अशी त्या घरातली वाटणी.

मी दत्तारावांना इंटरनेटवरचे व्हिडिओ लावून दिले. यंदा आलेलं नवं यंत्र आणि त्याचे प्रतिस्पर्धी यांची तुलना करणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. पोरं टेबलावर यंत्रं मांडून पडदा, वेग, बॅटरी असं सगळं सांगतात. दत्तारावांनी दोन व्हिडिओ पाहिले आणि मोबाइल पालथा घातला.

"हे समदे रस्त्याकडचे प्लॉट हायेत."

याचा अर्थ त्यांनीच सांगितला. कंपनीला डेमो प्लॉट नेहमी रस्त्याच्या कडेला पाहिजे असतो. तिथे तिच्या वाणाला गुपचूप खताचा एक हप्ता जास्त जातो, पाण्याची एक पाळी जास्त जाते आणि शेजारच्या वाणाला कोरडवाहूसारखं ठेवतात. जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटतं, वा, काय वाण आहे! "मी कितीक लावले तसे," ते म्हणाले, आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं त्यांच्या तोंडावर दिसलं नाही. "पन पोरीच्या घरी द्यायचं हाय. मला बराबर प्लॉट पाहिजे. एक जमीन, एक दिवस, पाणी सारखं. आन मधी लोकल वाण. लोकल शेजारी लावल्याबिगर नव्याची किंमत कळत न्हाई."

माझ्या उभ्या आयुष्यात दुकानात कोणी शेती केली नव्हती. पण मला मजा वाटली. नवं यंत्र शेजारच्या मोबाइलवाल्याकडे होतं. एका गिऱ्हाइकाने मागवून मग नको म्हटलेलं, खोकं नुसतं उघडलेलं. कॉम्प्युटरछाप म्हणून जिनिंगच्या मॅनेजरांचा होता. सुटा भाग यायचा म्हणून पडून होता. त्यांना फोन केला तर म्हणाले, "बिनधास्त वापरा. फक्त माझा खेळ जिथं थांबला तिथून पुढं नेऊ नका." तिसरा एक छोटा, चिनी बनावटीचा, माझ्याच काचेच्या कपाटातला. आणि लोकल वाण म्हणून दत्तारावांनी स्वतःचा मोबाइल काढून मध्ये ठेवला.

चारही काउंटरवर ओळीने लावले. दत्तारावांनी आगपेटीच्या काड्यांनी बांध घातले. तिन्हींची बॅटरी भरली, पडद्याचा उजेड सारखा केला, तिन्हींवर चालेल असा वरून पडणारे ठोकळे रचायचा एक साधा खेळ लावला. मोबाइलवरही तोच.

पहिल्या दिवशीची पाहणी अशी. नव्याचा पडदा सगळ्यात मोठा आणि हालचाल लोण्यासारखी, पण काळा रंग करडा दिसतो. कॉम्प्युटरछापाचा पडदा जरा लहान, पण काळा म्हणजे अमावास्या. नव्याच्या दोन्ही मुठी चुंबकाने चिकटतात, खटकन निघतात, खटकन बसतात. दत्तारावांनी त्या तीनदा काढून बसवल्या आणि म्हणाले, "पाव्हण्याच्या खिशात लोखंड ऱ्हातंय." बॅटरी नव्याची सगळ्यात आधी उतरायला लागली. दांड्या नव्यात आणि कॉम्प्युटरछापात दोन्हीकडे जुन्या कार्बनच्या, आणि चुंबकाच्या न झिजणाऱ्या दांड्या कुठे, तर सगळ्यात स्वस्त त्या चिनी छोट्यात. हे असं का, ते मला कोणी विचारू नये. मी यंत्रं उघडतो, कंपन्या उघडत नाही.

वजनाला दत्तारावांनी पिशवीतून काटा काढला, बियाण्याचे नमुने मोजायचा. छोटा पावशेराच्या आसपास, नवा त्याच्या दुपटीला पोचणारा, आणि कॉम्प्युटरछाप पाऊण किलोकडे झुकलेला. तो त्यांनी तळहातावर तोलून पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"ह्याच्यात माल हाय, शेठ. पाव्हण्याच्या ताटात ठेवलं तं ताट दबंल."

मी म्हणालो, नव्यालाही बघा, पण नवं यंत्र पहिल्या वर्षी घेऊ नये हे माझं जुनं मत आहे. कंपनीलाच त्यातल्या खोडी कळलेल्या नसतात. दत्तारावांना हे एकदम पटलं. ते म्हणाले, "नवं वाण पयल्या वर्षी एखादा एकर लावावं, जास्त न्हाई." म्हणजे जड यंत्राचं जवळजवळ ठरलंच. पण प्लॉट म्हटलं की एका दिवसात निकाल लावायचा नसतो. चारदोन दिवस चालू ठेवा, मी बाजाराच्या दिवशी येऊन फिरून बघतो, असं सांगून ते गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जावई आले.

लग्नात मुंडावळ्यांआड पाहिलेला चेहरा ओळखू आला नाही; त्यांनी ओळख सांगेपर्यंत मी त्यांच्या हातांकडेच बघत होतो. असे हात आमच्याकडे पैलवानाला किंवा भट्टीवर काम करणाऱ्याला असतात. त्यांनी काउंटरवरचा छोटा उचलला आणि एक बटण दाबायला गेले तर दोन दबली. खेळ सुरू होण्याआधीच संपला.

"काका, मामांनी तुम्हाला इचारलं ना कोणतं घ्यावं?" ते म्हणाले. "तेच म्हणले मला, जालन्याच्या शेठला इचारतो. तुम्ही हे छोटंच सांगा. हलकं हाय."

"तुम्हाला? हे तुमच्या तळहातात हरवेल."

ते हसले, मग इकडे तिकडे बघून आवाज खाली घेतला. "मला कुठं खेळता येतं? सारिकाला पाहिजे. कंपनीतून येताना बसमधी मोबाइलवर त्याचेच व्हिडिओ बघती. म्हणलं, मी घेऊन देतो, तं म्हणती नको, तुमच्या घरचे म्हणतील सुनेला खेळणं पाहिजे. मंग म्हणलं, तुझ्या वडलांना, आप्पांना माग. पयली दिवाळी हाय, तुझाबी हक्क हाय. तं तोंडच बारीक केलं." त्यांनी छोटा काउंटरवर ठेवला. "शाळेत असताना तिच्या आईच्या भावानं टीव्हीला लावायचा गेम आणल्ता. आप्पांनी तो उचलून थोरल्या काकाच्या पोराला देऊन टाकला. पोरीला काय करायचंय म्हणले. तवापासून तिनं त्यांच्याकडं काईच मागितलेलं न्हाई, काका. लग्नात साडीबी मागितली न्हाई. म्हणून म्हणलं, जावयाला कोन न्हाई म्हणतंय? मीच मागितला."

माझं वय झालंय, मी चटकन हळवा होतो. तरी खरं सांगतो, मला त्या पैलवानाला मिठी मारावीशी वाटली. दिवाळसण या प्रकाराबद्दल माझं मत फारसं बरं नाही. सासऱ्याला हौसेच्या नावाखाली कापायचा तो एक रिवाज. त्याचा असा उपयोग मी पहिल्यांदाच बघत होतो.

"पन मामांना कळू देऊ नका," ते म्हणाले. "तिनं शपथ घातली. आन ते जड नको. ती बारीक हाय, मनगट दुखंल. हेच हलकं बघा."

मी शब्द दिला. मग बसून विचार केला, की दत्ताराव जडावर ठाम आहेत, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर जावयाचे हात आहेत. त्यांना छोट्याकडे वळवायचं, आणि कारण सांगायचं नाही. म्हणजे माझ्याकडे एकच रस्ता उरला, तो हायवेच्या कडेचा.

बाजाराच्या दिवशी सकाळीच मी प्लॉट सजवला. छोट्याची बॅटरी काठोकाठ भरली आणि त्याला टेबलफॅनच्या वाऱ्यात ठेवला. त्याची काच पुसून लखलखीत केली. जड यंत्र काउंटरच्या त्या टोकाला सरकवलं जिथे शटरखालून ऊन येतं. दिवाळी आली तरी आमच्याकडचं दुपारचं ऊन कमी होत नाही. त्याच्या पडद्याचा उजेड पूर्ण चढवला आणि बॅटरी निम्मीच भरली. नव्याला मी काही केलं नाही, कारण ते शर्यतीत आहे असं कोणालाच वाटत नव्हतं. काम झाल्यावर मी जरा लांबून पाहिलं आणि स्वतःवर खूश झालो. आमच्या खानदानाचा व्यापारी गुण माझ्यात उतरलाच नाही असं वडील म्हणायचे. ते बघायला हवे होते.

दत्ताराव आले. लोकल वाण त्यांच्यासोबत गेला होता; तो पुन्हा मध्ये ठेवून मी त्यावर ठोकळ्यांचा खेळ लावला. मी बोलायला लागलो: बघा, जड कसं तापलंय, पंखा कसा भणभणतोय, बॅटरी कशी बसली, आणि हा छोटा बघा, थंड, टवटवीत. ते ऐकत होते पण यंत्रांकडे बघत नव्हते. त्यांनी आधी फरशीवरचं ऊन बघितलं. मग टेबलफॅनचं तोंड कुठे आहे ते बघितलं. मग वाकून आगपेटीच्या काड्या बघितल्या. त्या जागच्या हलल्या होत्या.

"शेठ," ते म्हणाले, "ह्या वाणाला पाणी जास्त देलं तुमी."

मी म्हणालो, छे.

"बघणारा शेंड्याकडं बघतो. मी बुडाकडं बघतो. त्या बिचाऱ्याला उन्हात टाकलं, ह्याला वारा घातला. माझ्यासमोर रस्त्याकडचा प्लॉट लावता? मी त्याच्यावर पोरी शिकवल्या!" ते रागावले होते, पण त्यात थोडं व्यावसायिक कौतुकही होतं. "बोला. कोणत्या कंपनीनं सांगितलं?"

मी पकडलो गेलो होतो. खोटं बोलायची तयारी होती, पण हा माणूस बुडाकडे बघणारा. शिवाय मला आतून वाटत होतं, की हे त्याला कळलं पाहिजे. शब्द मोडला आणि सगळं सांगितलं: जावई, त्यांचे हात, बसमधले व्हिडिओ, थोरल्या काकाचा पोरगा. सांगताना मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, उगीच एक यंत्र उघडून ठेवलं होतं त्याचे स्क्रू चाळत बसलो.

मध्येच एक गिऱ्हाईक चार्जर मागायला आलं. मी नाही म्हणून सांगितलं. दुकानात चार्जर समोरच लटकत होते. ते बघत बघत गेलं.

दत्ताराव म्हणाले, "मला वाटायचं, ही पोरगी लई समजदार हाय. थोरलीचा रोजचा हट्ट. हिचं काईच न्हाई. मी चारचौघांत सांगायचो, माझी सारिका काई मागत न्हाई."

"जावई चांगला निघाला, दत्ताराव."

"ते बराबर हाय. पन बाप कसा निघाला? माझ्याकडं मागायला तिला मधी माणूस घालावा लागला."

मलाही दोन मुली आहेत, आणि मी मनातल्या मनात त्यांनी काय काय मागितलं होतं ते आठवत होतो.

त्यांनी लोकल वाण उचलला, म्हणजे स्वतःचा मोबाइल. ठोकळ्यांचा खेळ बंद करून द्या म्हणाले. मग नंबर लावला. दत्ताराव फोनवर नेहमी स्पीकर लावूनच बोलतात. फोन कानाला लावला तर समोरचा नीट ऐकत नाही असं त्यांना वाटतं. त्यामुळे पुढचं सगळं मला ऐकावं लागलं.

"सारे, कामात हाय का?"

"बोला ना, आप्पा." मागे कसलं तरी यंत्र घरघरत होतं.

"त्यो व्हिडिओ गेम घ्यायचाय. कोणता घिऊ?"

ती म्हणाली, "ह्यांना इचारा की. त्यांनी मागितलाय."

"त्यांना न्हाई इचारत. जावयबापूंना अंगठी बघितली म्या. तुला इचारून राह्यलो. तुझ्यासाठी कोणता घिऊ?"

मागची घरघर बंद झाली. बहुतेक ती बाहेर व्हरांड्यात आली असावी. मला वाटलं फोन कटला. दत्तारावांनी दोनदा पडदा बघितला.

"तुम्हाला ह्यांनी सांगितलं?"

"कोनी न्हाई सांगितलं. प्लॉट लावल्ता. त्याच्यात दिसलं." माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "शेठकडं हाय मी. तीन वाण समोर हायेत. छोटा घिऊ का? हलका हाय म्हणतेत. तुझं मनगट…"

"माझ्या मनगटाला काय झालं?" ती म्हणाली. "मी दिवसभर ट्रे उचलते, आप्पा. छोटा बिलकुल नको. त्याच्यात जुनेच खेळ चालतात. ते लेकरांचं काम."

मी माझ्या टवटवीत छोट्याकडे पाहिलं. टेबलफॅन बंद केला.

"मंग जड? कॉम्प्युटरवाला?"

"यंत्र चांगलंय. पडदा तर लई भारी. पण त्याच्या पंख्याचा आवाज होतो. ह्यांची रातपाळी असली की दिवसा झोपतात. एका खोलीचं घर हाय आमचं."

वजन केलं होतं, उष्णता बघितली होती, लोखंडाची भुकटी लक्षात घेतली होती. आवाज मोजायचं आम्हा दोघांना सुचलं नव्हतं. आम्ही ज्या जमिनीत पेरत होतो ती जमीनच आम्ही पाहिलेली नव्हती.

"नवा घ्या," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज भरभर पळायला लागला. "त्याच्या मुठी निघतात. एक मूठ ह्यांच्या हातात देता येती, दोघांना खेळता येतं. मागं पाय हाय, टेबलावर उभा ऱ्हातो. पंखा हाय पण कळत न्हाई. काळा रंग करडा दिसतो, ते मला चालतंय. बॅटरी कमी हाय, मी वायर लावून खेळीन. दांडी खराब झाली तर शेठकाका हायेतच."

"चुंबकाला लोखंड चिकटतं म्हणतेत. पाव्हण्याच्या कपड्यांना…"

"त्यांचे कपडे जिन्यातच झटकायला लावते मी."

"पयल्या वर्षीचं वाण हाय, सारे. पयल्या वर्षी थोडंच लावावं."

"एकच तर घ्यायचाय, आप्पा."

दत्तारावांना हसू आलं, आणि ते अर्ध्यावरच राहिलं. "येवढं समदं कवा बघितलं तू?"

"वरीस झालं, यायच्या आधीपासून बघूनच राह्यले."

"मंग मागितला काहून न्हाई? मागितला असता तं देला असता की मी."

रस्त्यावरून एक रिक्षा गेली, तिच्या गाण्याचा आवाज पार स्टेशनपर्यंत ऐकू येत राहिला.

"न्हाई देला असता, आप्पा," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. पिशवीतलं किती बी उगवलं आणि किती नाही, हे सांगावं तसं सांगितलं.

दत्तारावांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता हे काहीतरी बोलून वेळ मारून नेतील; बापाला तेवढं येतंच. त्यांनी टोपी काढून काउंटरवर ठेवली.

"न्हाई," ते म्हणाले. "न्हाई देला असता." मग फोन जरा जवळ ओढला. "आता देऊन राह्यलो. घेशील का?"

"घेईन. पण ह्यांच्या ताटात ठेवू नका. माझ्या हातात द्या."

दत्तारावांनी मान हलवली. पुन्हा हलवली. फोनवर मान हलवलेली ऐकू जात नाही, म्हणून मीच काउंटरवरून पुढे झुकून मोठ्याने म्हणालो, "बाई, हो म्हणताहेत."